सरळ रेषेनंतर : मेलेल्या स्नायूतली वीज

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी निपाणीला होते, तेव्हा आमचे आजोबा गेले. रात्री नऊला छातीत दुखायला लागलं, काकांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि दहाच्या सुमारास सगळं संपलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला. कागदावर सरळ रेष. ती पट्टी घडी करून त्यांनी काकांच्या हातात दिली. अकरापर्यंत आजोबा घरी आले होते, हॉलमधल्या कॉटवर.

आत्या त्यांच्या हातात रोझरी गुंफत होती. बोटं एकमेकांत अडकेनात, म्हणून ती हाताच्या पाठीवर चोळत होती, दाबत होती. आणि एकदम ओरडली, "बोट हाललं की! बाबांचं बोट हाललं. डॉक्टरला परत बोलवा."

काकांनी नाडी बघितली, टॉर्चनं डोळे बघितले. काही नव्हतं. "तुला भास झालाय," असं सगळ्यांनी आत्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता मिस्सा झाली, मग दफन. पण आत्याचं समाधान झालं नाही. वर्षभर ती एकच वाक्य बोलत राहिली : "आपण घाई केली."

मी साहित्याची विद्यार्थिनी. विज्ञान दहावीनंतर सोडलेलं. तरीही आत्याला भास झाला होता का, एवढं एक समजून घ्यायचं म्हणून मी मेडिकलला असलेल्या मावसबहिणीची पुस्तकं उघडली, ती सुट्टीवर आली की तिला प्रश्न विचारून बेजार केलं. त्यातून जे कळलं ते या लेखात मांडते आहे. उत्तर आधीच सांगून टाकते : आत्याला भास झाला नसावा. आणि आम्ही घाईही केली नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, तेच बघायचं आहे.

भरलेली बॅटरी

आपल्या स्नायूंतली प्रत्येक पेशी ही एक छोटी बॅटरी आहे. पेशीच्या आत आणि बाहेर पाणीच, पण त्यात विरघळलेले क्षार वेगवेगळे. आत पोटॅशियम भरपूर, बाहेरच्यापेक्षा तीस-चाळीस पट. सोडियमचं उलट, ते बाहेर जास्त. हे दोन्ही भारित कण असतात, म्हणजे प्रत्येकावर विजेचा धन भार असतो. पेशीचं पटल पोटॅशियमला थोडं थोडं बाहेर झिरपू देतं, त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण होते. स्नायू स्वस्थ असताना हा फरक सुमारे ९० मिलिव्होल्ट असतो. टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा, म्हणजे हा आकडा त्याच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढा. किरकोळ वाटतो ना? पण हे पटल मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतं. तेवढ्याशा जाडीवर ९० मिलिव्होल्टचा ताण म्हणजे फार मोठा ताण झाला.

आता, झिरपतंय म्हटल्यावर ही बॅटरी उतरायला पाहिजे. ती उतरत नाही, कारण पटलात बसवलेले पंप सतत चालू असतात. प्रत्येक पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्याला इंधन लागतं. ते इंधन म्हणजे एटीपी नावाचा रेणू, आणि तो सतत तयार व्हायला ऑक्सिजन लागतो. म्हणजे आपण गाढ झोपलेलो असतो तेव्हाही अंगातली प्रत्येक पेशी पंप मारत बसलेली असते.

मेंदूकडून चेतातंतूवाटे संदेश आला की पटलातली दारं क्षणभर उघडतात, सोडियम आत घुसतं, ऋण असलेली आतली बाजू काही क्षण धन होते आणि ही लाट पेशीभर पळते. तिच्यामुळे पेशीच्या आत कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आखडतो. पेन धरणं, पापणी मिटणं, हृदयाचा ठोका, सगळ्यांच्या मुळाशी हीच लाट आहे.

सरळ रेष काय सांगते

ईसीजीची पट्टी मी आधीही बघितली होती, पण ती नेमकं काय मोजते हे माहीत नव्हतं. हृदयातल्या असंख्य पेशी एका क्रमाने, एका तालात आपला भार बदलतात. त्या सगळ्यांच्या बदलाची बेरीज कातडीपर्यंत पोचते, तीही जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास. कागदावर १० मिलिमीटर उंची म्हणजे एक मिलिव्होल्ट, आणि कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. आपण बघतो ते डोंगर-दऱ्यांचं चित्र म्हणजे हा मिळून झालेला बदल.

इथे मला पहिला धक्का बसला. यंत्राला फक्त बदल दिसतो. भरलेली पण गप्प बसलेली पेशी यंत्राला दिसतच नाही. म्हणजे त्या रात्री दहा वाजता कागदावर सरळ रेष उमटली, तेव्हा आजोबांच्या हृदयाचा ताल कायमचा थांबला होता हे खरंच. पण त्याच वेळी त्यांच्या हाताच्या, पायाच्या, चेहऱ्याच्या स्नायूंतल्या पेशी अजून बऱ्यापैकी भरलेल्या होत्या. रेष सरळ झाली म्हणजे वीज संपली असं नाही. वीज होती, तिला एकत्र चालवणारं कुणी नव्हतं.

पुढच्या तासांचा क्रम

रक्त थांबलं की ऑक्सिजन थांबतो. तरी स्नायूकडे थोडी शिल्लक असते. साठवलेलं इंधन आणि ग्लायकोजेन ही साखर ऑक्सिजनशिवाय मोडून तो काही काळ भागवतो. त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं, आणि ते वाहून न्यायला रक्त नसल्यामुळे स्नायूतच साठतं. जिवंत स्नायूचा सामू ७ च्या आसपास असतो, तो उतरत उतरत खाटकाच्या मांसात ५.५ च्या जवळ येतो.

इंधन कमी पडलं की पंप मंदावतात. पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं, सोडियम आत शिरतं, आणि ९० मिलिव्होल्टचा फरक हळूहळू उतरायला लागतो. पण तो एका फटक्यात शून्य होत नाही. या मधल्या काळात स्नायू बाहेरून दिलेल्या धक्क्याला उत्तर देतो. चेता आधी निकामी होते, पण स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो आखडतो. न्यायवैद्यकशास्त्रात याचा उपयोग मृत्यूची वेळ ठरवायला करतात. वरच्या पापणीजवळ सुया टोचून बारीकसा विद्युतप्रवाह सोडायचा. सुरुवातीच्या तासांत कपाळापासून गालापर्यंत अर्धा चेहरा आखडतो. काही तासांनी फक्त पापण्या. अजून उशिरा सुईपाशी नुसती थरथर. आणि मग काहीच नाही. उत्तर किती दूर पसरतं त्यावरून किती वेळ गेला याचा अंदाज बांधता येतो.

विजेचाच झटका पाहिजे असंही नाही. मृत्यूनंतर पहिल्या दीड-दोन तासांत स्नायूवर नुसता जोराचा टिचका मारला किंवा तो दाबला तरी तो आखडू शकतो. हाताच्या पाठीवर, हाडांच्या मधल्या खाचेत असे छोटे स्नायू असतात, आणि ते बोटं हलवतात.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. साडेअकरा वाजले होते. दीड तास झाला होता. आत्या हाताच्या पाठीवरच चोळत होती.

पुढचा टप्पा सगळ्यांना माहीत असलेला, अंग ताठरण्याचा. लोकांना वाटतं की स्नायू आखडायला ताकद लागते आणि सैल सोडायला काही लागत नाही. खरं तर आखडलेले तंतू एकमेकांपासून सुटायलाही एटीपीच लागतं. ते संपलं की तंतू जिथे आहेत तिथे कुलूप लागल्यासारखे अडकतात. पापण्या आणि जबडा यांत हे आधी जाणवतं. म्हणून तर घरातली जाणती माणसं हनुवटीखालून कापड बांधायची घाई करतात. आपल्याकडच्या पुस्तकांतला ढोबळ हिशेब असा : १२ तासांत ताठरपणा अंगभर येतो, साधारण १२ तास टिकतो, पुढच्या १२ तासांत उतरतो. उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं. एकदा कुलूप लागलं की मग विजेचा झटका देऊनही स्नायू हलत नाही.

बाहेर झिरपणाऱ्या पोटॅशियमचाही न्यायवैद्यकात उपयोग होतो. डोळ्याच्या आतल्या घट्ट द्रवात मृत्यूनंतर पोटॅशियम तासातासाने वाढत जातं, आणि ते मोजून वेळेचा अंदाज घेतात.

उसाची मोळी

इथपर्यंत आपण स्नायू स्वतः वीज कशी बाळगतो ते बघितलं. दुसरा प्रश्न असा, की बाहेरची वीज त्याच्यातून कशी वाहते? मरणानंतर तेही बदलतं.

आपल्या भागात उसाची मोळी कुणी बघितली नाही असं होणार नाही. स्नायू तसाच असतो. लांब लांब तंतू शेजारी शेजारी बांधलेले, आत रस, बाहेर साल, आणि दोन उसांच्या मध्ये थोडी फट. जिवंत स्नायूत ही साल, म्हणजे पेशीपटल, विजेला अडवतं. सावकाश दिशा बदलणारा प्रवाह सोडला तर त्याला आत शिरता येत नाही, तो फटीफटीतून वाट काढतो. म्हणून रोध जास्त. तोच प्रवाह सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा असला तर पटल त्याला अडवू शकत नाही, तो थेट रसातून जातो. म्हणून रोध कमी. शिवाय मोळीच्या लांबीच्या दिशेनं वीज सहज जाते, आडवी जाताना तिला साल मागून साल ओलांडावी लागते.

मृत्यूनंतर आधी पेशी पाणी ओढून फुगतात, फटी अरुंद होतात आणि रोध काही काळ वाढतो. मग पटलं फाटायला लागतात. आतला रस बाहेर येतो, सगळं एकत्र होतं. आता सावकाश प्रवाह आणि वेगवान प्रवाह यांच्यातला फरक मिटत जातो, उभं आणि आडवं यांतलाही फरक मिटत जातो. मोळी चरकातून काढल्यावर जी अवस्था होते ती. स्नायू आता विजेच्या दृष्टीनं एक खारट चोथा असतो.

या ज्ञानाचा उपयोग बाजारातही होतो. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या टॉरी संशोधन केंद्रात माशाचा ताजेपणा मोजणारं एक हातात धरायचं यंत्र तयार झालं. ते माशाच्या अंगावर टेकवायचं, बारीक प्रवाह सोडायचा, आणि पटलं किती शाबूत आहेत ते आकड्यात बघायचं. बर्फात पूर्ण गोठवून परत सोडवलेला मासा या यंत्राला फसवू शकत नाही, कारण बर्फाच्या कणांनी पटलं आधीच फोडलेली असतात. आमच्या आजीला कॅम्पातल्या मासळी बाजारात असल्या यंत्राची गरज कधी पडली नाही. कल्ले बघायचे, डोळे बघायचे, अंगठ्यानं दाबायचं आणि "ह्याला गोवा सोडून लई दिवस झालेत" असं म्हणून पुढच्या बाईकडे जायचं.

बेडूक, फाशी आणि आपला अभ्यासक्रम

या सगळ्याची सुरुवात झाली ती एका मेलेल्या बेडकापासून. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुईजी गॅल्व्हानी हे वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक बेडकाच्या पायांवर प्रयोग करत होते. तोडलेला पाय वीज लागल्यावर झटका देतो हे त्यांनी बघितलं आणि १७९१ मध्ये आपलं म्हणणं प्रसिद्ध केलं : प्राण्याच्या शरीरातच वीज आहे. अलेस्सांद्रो व्होल्टा म्हणाले, नाही, वीज तुमच्या दोन वेगवेगळ्या धातूंतून आली, पाय नुसता ती दाखवतो. या वादातूनच व्होल्टांनी १८०० मध्ये पहिली बॅटरी बनवली. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं.

गॅल्व्हानींचा भाचा जोव्हान्नी आल्दीनी त्याच्याही पुढे गेला. जानेवारी १८०३ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज फॉस्टर नावाच्या माणसाला फाशी दिल्यावर त्याच्या प्रेताला आल्दीनीनं बॅटरीच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, मूठ वळली. बघणाऱ्यांतल्या काहींना वाटलं, माणूस परत येतोय. अर्थात तो आला नाही. बॅटरी उरलेल्या पेशींना झटके देत होती, एवढंच.

मेरी शेलींची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ सालची. आपल्यापैकी इंग्रजी साहित्य घेतलेल्यांना ती माहीतच आहे. मी ती कादंबरी वर्गात शिकले तेव्हा मला ती निव्वळ कल्पना वाटली होती. आता वाटतं, त्या काळच्या माणसांच्या मनात तोच प्रश्न असणार जो आमच्या आत्याच्या मनात होता : हललं म्हणजे आहे का?

गॅल्व्हानीचा बेडूक आपल्या गावापर्यंतही पोचला. मेडिकल कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांनी बेडकाच्या पोटरीचा स्नायू चेतेसकट काढायचा, क्षारांच्या द्रवात ठेवायचा, विजेचा एक झटका द्यायचा आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर त्याची उडी उमटवायची, हा प्रयोग कित्येक पिढ्यांनी केला. एक उडी सेकंदाच्या दहाव्या भागात संपते. आता बहुतेक ठिकाणी हाच प्रयोग संगणकाच्या पडद्यावर दाखवतात, बेडूक वाचले.

मग मृत्यू कधी?

स्नायूंना विचारलं तर ते म्हणतील, अजून काही तास आहेत. हृदयाला विचारलं तर दहा वाजता. अवयवदानाच्या वेळी तर उलटा पेच असतो. आपल्या देशात १९९४ च्या कायद्यानं मेंदूच्या खोडाचा मृत्यू हा मृत्यू मानला आहे. अशा माणसाचं हृदय यंत्राच्या श्वासावर धडधडत असतं, ईसीजीवर डोंगर-दऱ्या असतात, कधी कधी पाठीच्या कण्यातून आलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेनं हातसुद्धा हलतो. तरीही चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करतं आणि सांगतं, माणूस गेला. म्हणजे वीज असणं आणि माणूस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या चर्चनंही यात लुडबुड केलेली नाही, हे मला वाचताना कळलं. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना स्पष्ट सांगितलं, की मृत्यूचा नेमका क्षण ठरवणं हे वैद्यकाचं काम आहे, ते चर्चच्या अधिकारात येत नाही.

आणि वीज पूर्ण गेल्यावरही शरीराचं काम संपतं असं नाही. २०१० साली आपल्या बेळगावात, बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयात, डॉ. महांतेश रामण्णवर यांनी स्वतःच्या वडिलांच्या देहाचं विच्छेदन विद्यार्थ्यांसमोर केलं. वडील स्वतः डॉक्टर होते आणि त्यांचीच तशी इच्छा होती. औषधात ठेवलेल्या त्या देहात एक मिलिव्होल्टही उरलेला नसणार. तरी कुठला स्नायू कुठून निघतो आणि कुठे जोडला जातो, हे तो देह शिकवत होता.

आत्या

या ऑक्टोबरात मी निपाणीला गेले तेव्हा आत्याला हे सगळं सांगितलं. पोटॅशियम वगैरे तिच्या डोक्यावरून जाईल म्हणून मी रविवारचं उदाहरण घेतलं. मिस्सा झाल्यावर आपण मटण आणायला जातो, खाटीक ताजं कापतो, पाटीत टाकलेला तुकडा थरथरतो. तू स्वतः कितीदा दाखवलायस, "बघ, किती ताजं हाय." त्या तुकड्यात बकरं असतं का?

"नसतंय," आत्या म्हणाली.

"तसंच ते. तू हात चोळलास, दाबलास, म्हणून बोट हाललं. तुला भास झाला नाही. पण आजोबा गेलेले होते. डॉक्टर आले असते तरी काही झालं नसतं. आपण घाई केली नाही."

ती बराच वेळ गप्प बसली. रडली नाही. काकांनी ती ईसीजीची पट्टी बायबलमध्ये ठेवली होती, ती काढून बघितली. असल्या कागदावरची छपाई वर्षभरात फिकी पडते. रेष आता जेमतेम दिसत होती.

मग आत्यानं विचारलं, "म्हणजे मी हात धरला होता तवा बाबांच्या हातात अजून थोडं काहीतरी होतं म्हण की."

मी अभ्यास केलेल्या सगळ्या गोष्टी आठवून बघितल्या. साडेअकराची वेळ, उतरत जाणारे मिलिव्होल्ट, अजून न लागलेलं कुलूप.

"होतं," मी म्हटलं.

"मग बास," म्हणून ती चहा ठेवायला उठली.